पहिल्या पाचांतलं घर

मे महिना अर्धा सरला की आमच्या गल्लीतले नळ पाण्याआधी हवा सोडू लागतात. सकाळी सहाच्या सुमारास आधी एक फुसकारा येतो, मग घशात काही अडकल्यासारखी खरखर, आणि मग करंगळीएवढी धार. बाहेर बहावा पिवळाधमक फुललेला असतो. ज्या उन्हात माणूस कोळपतो त्याच उन्हावर हे झाड कसं पोसलं जातं, कोण जाणे. दहा वाजले की लखनौतल्या आमच्या वृंदावन योजना वसाहतीच्या रुंद रस्त्यांवरून लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहायला लागते. कूलरच्या वाळ्याचा ओला वास दुपारपर्यंत टिकतो आणि मग तोही सुकतो. या सगळ्याच्या खाली, सकाळच्या त्या एका तासात, कान देऊन ऐकलं तर भिंतींमधून एक बारीक घुंघुं ऐकू येते. ती टुल्लूची. टुल्लू म्हणजे नळाच्या पाइपलाच जोडायची लहानशी मोटर. ती लावली की रस्त्याखालचं पाणी आपल्या टाकीत ओढलं जातं आणि पुढच्या घराचं पाणी तेवढं कमी होतं.

यंदाही उन्हाळा आला, तसा तो आवाज आला. माझ्या घरातून येत नाही. हे मोठेपणानं सांगत नाही. का येत नाही, ते सांगायला बसलोय.

मी विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत. सोळाव्या वर्षी मी एक वळकटी घेऊन लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरलो आणि चौक नावाच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात भट्टीपुढे बसलो. मूस धरताना हात भाजले, तेजाबानं बोटं पिवळी पडली, मालकाच्या शिव्यांतून हिंदी शिकलो. आज त्याच बोळात माझं दुकान आहे. सोन्याचा कस, ज्याला आम्ही टंच म्हणतो, तो मी कसोटीवरची रेघ बघून सांगतो. आमच्या धंद्यात ‘पंच्याऐंशी ते नव्वदच्या मध्ये’ असं बोलणारा एकतर नवखा असतो नाहीतर लबाड. त्यातला खालचा आकडा घेणारा धरतो, वरचा देणारा, आणि चहाचा ग्लास रिकामा होईपर्यंत मधला एक आकडा ठरतो. दोन आकडे ऐकले की त्यांच्यामधली जागा मला मोकळ्या प्लॉटसारखी दिसते. तिथं काहीतरी बांधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आणि माझ्या मनात एक दगड आहे. खराखुरा दगड, गल्लीच्या तोंडाशी बसवलेला. आम्ही इथं घर बांधलं तेव्हा गल्लीत पाण्याची लाइन नव्हती. दोन उन्हाळे मी सरकारी कचेरीच्या बाकावर बसून काढले. भांडलो, हात जोडले, पुन्हा भांडलो. शेवटी पाइप आली. ज्या दिवशी पाणी सुटलं त्या दिवशी हार पडला तिवारीजींच्या गळ्यात, कारण ते आमच्या समितीचे सचिव. दगडावर लिहिलंय, ‘तिवारीजी के अथक प्रयास से’. मी तेव्हा दुकानात होतो. मला कुणी बोलावलं नाही. रोज स्कूटर वळवताना तो दगड मी वाचतो. इतकी वर्षं झाली, एकदाही न वाचता पुढे गेलो नाही. त्या वाचण्यातूनच हळूहळू माझी समजूत झाली की ही पाइप माझी आहे, आणि बाकीचे तिचं पाणी मेहरबानीनं पितात.

गल्लीत चाळीस घरं. माझं सातवं, तोंडाजवळचं. चाळिसावं फाटकवहिनींचं. त्या चौकातल्या बँकेत होत्या. मी लखनौत आलो त्या वर्षी माझा पहिला फॉर्म त्यांनी भरला. काउंटरपलीकडून एकदम मराठीत म्हणाल्या, “सही करता येते ना?”

“येते की! अडाणी वाटलो का?” मी भडकलोच.

“मग चिडता कशाला? इथं करा,” म्हणून त्यांनी हसत हसत उजव्या हाताच्या बोटानं जागा दाखवली. मी स्वतःच्या बळावर उभा राहिलो असं सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण पहिल्या कागदावरचं माझं नाव त्या हातानं लिहिलेलं आहे.

त्यांची मुलगी केतकी इथंच जन्मली. तिच्या वयाची इथली बहुतेक मराठी पोरं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. केतकी मात्र माझ्याशी मोडकंतोडकं का होईना, मराठीच बोलायची. “काका, ऐका तरी यार,” असं तिचं मराठी. ती शिकली भलतंच काही. माणसं एकमेकांकडे बघून कशी वागतात ते संगणकात मांडायचं. खोटी गल्ली, खोटी घरं, प्रत्येक घराला थोडी अक्कल द्यायची आणि मग ती आपापसात कशी वागतात ते बघायचं. त्याला ती मॉडेल म्हणते. मी तिला एकदा विचारलं होतं, “पण बाई, सोनं खोटं असलं तर भट्टीत कळतं. तुझं हे खोटं असलं तर कुठं कळतं?” ती म्हणाली, “तेच तर सगळ्यात कठीण आहे, काका.” मला ते उत्तर आवडलं नव्हतं. विकणाऱ्यानं आपल्या मालाबद्दल असं बोलू नये.

गेल्या उन्हाळ्यात पाणी फारच आखडलं, तेव्हा तिवारीजींनी रविवारी संध्याकाळी मंदिराशेजारच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली आणि केतकीनं तिथं तिची ती गल्ली दाखवली. भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर चाळीस ठिपके एका ओळीत. टाकी भरली की ठिपका निळा, टुल्लू लागली की लाल, कोरडं पडलं की राखाडी. पंखे गरम हवा ढवळत होते. कुणीतरी बेलाचं सरबत आणलं होतं, त्याच्या भांड्याभोवती मुलं.

सिद्दीकी साहेब आमच्या गल्लीतले सर्वांत वडीलधारे, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा पुसला. “बिटिया, हम इनमें से कौन-सी गोली हैं? कोई दुबली-सी हो तो वही हमें दे दो.”

हॉल हसला. केतकीही हसली. “नाम किसी का नहीं है, अंकल. बस मकानों का क्रम है.”

“तो ये बताएगा कि पानी कब आएगा?” तिवारीजी.

“नहीं अंकल. ये बताता है कि पड़ोसी की मोटर सुनकर हम क्या करते हैं.”

“वो तो हम बिना बिजली के बता दें!”

पुन्हा हशा. तिनं दाखवलं. एक ठिपका लाल झाला, शेजारच्याचं पाणी घटलं, दुसऱ्या दिवशी तोही लाल, मग त्याच्या पुढचा. शेवटची घरं राखाडी. मग तिनं तिची योजना मांडली. मोटर कुणीच लावायची नाही. पहिला अर्धा तास सम क्रमांकाच्या घरांनी नळ उघडायचे, दुसरा अर्धा तास विषमांनी. त्या खोट्या गल्लीत पाणी शेवटपर्यंत पोचलं. चाळीसच्या चाळीस निळे झाले.

तेवढ्यात मी उठलो. का उठलो? तिवारीजी तिच्या बाजूला उभे होते आणि जणू ही गल्लीही त्यांनीच आणली अशा थाटात मान हलवत होते, हे एक कारण. दुसरं, मला तिचा माल पटला होता आणि पटलेल्या मालावर मी नेहमीच जास्त घासाघीस करतो.

“बेटा, सीधी बात. कितने घर टुल्लू चला लें, फिर भी लाइन न बैठे?”

“काका, एक आकडा नाही सांगता येत. कधी तीन घरांनीच लाइन बसते, पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, कधी आठ चालून जातात. मी शेकडो वेळा चालवून बघितलंय.”

“तीन और आठ के बीच में तो पूरी दुकान खुल जाए. फ़ाइनल बोलो.”

“फ़ाइनल असं नसतंच त्यात, काका.”

लोक हसले. तिच्यावर हसले की माझ्यावर, मला कळलं नाही, आणि मला भडकायला तेवढंच पुरतं. माझा आवाज चढला. सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीतच बोललो, “तो फिर ये भी बता दो कि गली का आख़िरी मकान किसका है.”

मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी लांबलचक “अच्छाऽऽ” काढलं. केतकीचे कान लाल झाले. तिनं आईकडे बघितलं. वहिनी शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्या तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. नीट दिसत नसलं की माणूस डोळे बारीक करतो, तसं.

“पाँच,” केतकी म्हणाली. “पाँच तक ज़्यादातर निभ जाता है, लेकिन...”

मी सौदा पटल्यावर वाजवतो तशी टाळी वाजवली. “हो गया! पाँच.” खुर्च्या सरकल्या, सरबत संपलं. योजनेवर सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. तिच्या ‘लेकिन’च्या पुढचं वाक्य त्या हॉलमध्ये कुणीच ऐकलं नाही. मला ते आजही माहीत नाही.

तीन दिवस गल्ली शहाण्यासारखी वागली. सकाळचा तो तास काय सुंदर होता! घुंघुं नाही, फक्त कडुनिंबात साळुंक्या आणि घराघरांत बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज, आधी बारीक, मग बादली भरत आली की जाड. चौथ्या दिवशी आमची टाकी थोडी कमी भरली. थोडीच. आणि माझ्या डोक्यात तो आकडा खणकन वाजला. पाच चालतात. पाच घरं तर लावणारच. मग त्या पाचांत पहिला मान कुणाचा? पाइप कुणी आणली?

जिन्याखाली मोटर होती. तिच्याखाली टायरचा तुकडा ठेवला, वरून जुनी रजई गुंडाळली. मे महिन्यात रजईत गुंडाळलेलं ते यंत्र तापलेल्या पोरासारखं कण्हत होतं. मंगल, माझी बायको, पायरीवर उभी राहून बघत होती.

“त्या पाचांत आपण कधीपासून?” तिनं विचारलं.

“मग कोण? तिवारी?”

“मी विचारलं, आपण कधीपासून.”

मी खाली वाकलो. रजई आणखी घट्ट केली.

आता, वर्षभर त्यावर विचार केल्यावर, मला कळतं की त्या संध्याकाळी हॉलमधून चाळीस माणसं एकच आकडा खिशात घालून घरी गेली. सिद्दीकी साहेबांनी नंतर हसत हसत मला सांगितलं, “जगताप साहब, हमने सोचा पाँच में एक बुज़ुर्ग की जगह तो होगी.” तिवारीजींना वाटलं, सचिवाला सवलत असणारच. कुणाकडे पाहुणे होते, कुणाकडे तान्हं बाळ. कारणं सगळी खरी होती. आमच्या गल्लीत सहावा कुणीच नव्हता. केतकीच्या ठिपक्यांना शेजारच्याची मोटर ऐकू यायची, पण त्यांच्यापैकी कुणी मीटिंगला आला नव्हता. आम्ही आलो होतो. ती धोक्याची रेघ दाखवत होती आणि मी तिच्याकडून सवलतीचा परवाना वसूल केला.

आठवड्यात शेवटची घरं कोरडी पडली. “कंप्यूटर फेल हो गया,” गल्ली म्हणू लागली. सगळ्यात मोठ्यानं मी म्हटलं, चहाच्या टपरीवर, चार माणसांत. “हम तो पहले ही बोले थे.” हे वाक्य बोलताना जिभेवर जी गोडी येते, ती लखनौच्या कुठल्या मिठाईला नाही.

मग जूनच्या सुरुवातीला एका सकाळी वहिनी पार्कातल्या हातपंपावरून बादली आणताना घसरल्या. केतकी दुसरी बादली घेऊन मागे होती. उजवं मनगट मोडलं. मी दुकानात निघालो होतो, स्कूटर चालू होती. लोक धावत गेले ते मी पाहिलं, आणि माझ्या घराच्या जिन्याखालून येणारी ती बारीक घुंघुं मला पहिल्यांदा रजईतूनही स्पष्ट ऐकू आली. मी आधी आत जाऊन मोटर बंद केली. मग धावलो. हा क्रम मला विसरता येत नाही.

दशहरी आंबा उतरायला लागला तेव्हा मलिहाबादहून एक पेटी आणली. सगळी फळं मी हातानं निवडली, बागवानाशी भांडून. पेटी घेऊन चाळिसाव्या घरी गेलो. वहिनींचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. “अहो एवढे कशाला, दोन माणसांना?” म्हणाल्या. केतकी समोर बसली. “बैठिए अंकल, पानी लेंगे?” शुद्ध, स्वच्छ हिंदी. काका नाही. पाणी शब्द तिनं सहज उच्चारला असेल, मला मात्र तो ग्लास उचलवेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “तुझ्या त्या गल्लीत माझं घर कुठलं?”

तिनं लॅपटॉप उघडला. सातव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिनं गल्ली चालवली. लाल पसरत गेलं, मागून, पुढून, दोन्हीकडून. सातवा ठिपका निळाच राहिला. पुन्हा चालवली. निळाच.

“हा बदलत का नाही?”

“तो तसा धरलाय,” ती हळूच मराठीवर आली. “काही गोष्टी धरून चालावं लागतं ना. बाकी सगळे शेजाऱ्याचं बघून बदलतात. एक घर तरी असं हवं की जे काही झालं तरी मोटर लावणार नाही. मी आईला विचारलं, कुणाचं धरू?”

“मी म्हटलं जगतापांचं धर,” वहिनी आतून म्हणाल्या. “त्या माणसानं दोन उन्हाळे उन्हात काढलेत या पाण्यासाठी. दगडावर नसलं नाव म्हणून काय झालं?”

म्हणजे कुणीतरी बघितलं होतं. इतकी वर्षं मी तो दगड वाचत होतो, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला माझं नाव आधीच कोरलेलं होतं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कुणी सांगितलं होतं यांना माझ्यावर सगळी गल्ली पणाला लावायला? विचारलं होतं मला? भट्टीत घातल्याशिवाय कुणी सोनं घेतं का? असा फणफणत मी घरी आलो. ते सगळं मी रस्त्यावरच्या बहाव्याला ऐकवलं. त्यांना काहीच सांगितलं नाही.

पाऊस सुरू झाला तेव्हा मोटर भंगारवाल्या कबाड्याला देऊन टाकली. त्यानं भाव सांगितला, मी “ठीक है” म्हटलं. तो बिचारा मला पंधरा वर्षं ओळखतो. त्यानं तराजू खाली ठेवला, मोटर उघडून आत काय आहे ते दोनदा तपासलं, आणि तरीही जाताना मागे वळून बघत गेला.

वर्ष असंच गेलं. दुकानात एकदा कसोटीवर रेघ ओढली आणि तोंडातून निघून गेलं, “असेल ऐंशी-पंच्याऐंशीच्या मध्ये.” समोरचा सोनार दचकला. “तबीयत तो ठीक है, उस्ताद?”

आणि आता पुन्हा नळ हवा सोडू लागलेत. पुन्हा मीटिंग ठरली आहे. केतकी पुन्हा दाखवणार, असं तिवारीजी म्हणाले, तेव्हा काल संध्याकाळी मी चाळिसाव्या घरी गेलो. या वेळी रिकाम्या हातानं. हातात पेटी असली की मी सौदा करायला लागतो.

“तुझी गल्ली काढ,” मी केतकीला म्हटलं. “सातवं घर धरलंयस ते चुकलं. लाल कर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “गेल्या वर्षी?”

“चौथ्या दिवसापासून. रजईत गुंडाळून.”

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. केतकीनं लॅपटॉप उघडला. सातव्या ठिपक्याला हात लावला, तो लाल झाला. गल्ली चालू लागली. आठवं घर लाल, मग दहावं, आणि त्यांच्या पुढे एकेक दिवा विझावा तसे ठिपके राखाडी होत चाळिसाव्यापर्यंत गेले. मी शेवटपर्यंत बघितलं.

“पण काका, दर वेळी असंच होत नाही,” ती म्हणाली. काका म्हणाली. “परत चालवते.” दुसऱ्यांदा लाल पसरलं आणि अर्ध्या गल्लीत आपोआप थांबलं. शेवटचं घर निळंच राहिलं. तिसऱ्यांदा पुन्हा सगळं कोरडं.

तीनपैकी एका वेळी माझ्या मोटरनं कुणाचंही काही बिघडलं नव्हतं. तीच वेळ धरावी, हा माझा आयुष्यभराचा धंदा. मधली जागा मोकळी दिसत होती. दुसरी धर, म्हण की बाकीच्यांनी बिघडवलं, म्हण की कुणालाच सांगता येत नाही. आणि खरंच कुणालाच सांगता येत नाही. त्या सकाळचं पाणी माझ्यामुळे अडलं की माझ्याशिवायही अडलंच असतं, हे केतकीच्या यंत्रालाही कळत नाही, मला कधीच कळणार नाही. गेल्या वर्षी हॉलमध्ये ती मला हेच सांगत होती, आणि मी तिला फायनल मागत होतो.

“रविवारी हे दाखव,” मी म्हटलं. “सातवं घर माझं आहे हे मी सांगेन. तिन्ही वेळा दाखव. आकडा कुणी मागितला तर देऊ नकोस. मी मागितला तरी.”

ती हसली नाही. पण लॅपटॉप बंदही केला नाही.

वहिनी दाराशी आल्या होत्या. उजवं मनगट जरा वाकडंच बसलंय, चमचा डाव्या हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. पुन्हा तेच बारीक केलेले डोळे. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “जगताप, चहात साखर किती घालू?”

“तुम्ही घालाल तेवढी,” मी म्हणालो.